साडूभाऊंच्या पेशी

जगातली कुठलीही गोष्ट पेशीपर्यंत नेल्याशिवाय आमच्या बाभुळगावच्या साडूभाऊंना कळत नाही, आणि एकदा त्यांना कळली की समोरच्यालाही कळेपर्यंत त्याची सुटका नसते. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, म्हणजे फक्त कॉलेजातून. आता एसटी स्टँड आणि पानठेला हे त्यांचे वर्ग. एकदा अर्ध्या दाढीवर न्हाव्याला थांबवून, कापलेली कातडी स्वतःला कशी सांधते, हे त्यांनी साबणाच्या फेसाने आरशावर काढून दाखवलं. बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. परदेशातली व्याख्यानं ते मोबाइलवर ऐकतात आणि अडलं की थेट त्या शास्त्रज्ञांना पत्र लिहितात. पत्र इंग्रजीत सुरू होतं. साडूभाऊ रंगात आले की वऱ्हाडीवर येतं.

लोक त्यांना खरे बिचकत ते सोयरिकीच्या बैठकीत. पोह्यांची बशी हातात घेण्याआधीच ते विचारत, "पत्रिका राहू द्या. दोघाईचं सिकलसेलसाठी रक्त तपासलं का?" या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबाप दोघेही वाहक असले, तर स्वतः धडधाकट असूनही त्यांचं मूल आजारी जन्मू शकतं. "आमच्या घराण्याच्या रक्तात खोट काढता?" म्हणत एका वरबापाने त्यांना बैठकीतून उठवलं होतं. साडूभाऊ उठले, ओसरीवर जाऊन बसले आणि तासाभराने आत येऊन पुन्हा तेच विचारलं. त्यांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना अंगदुखीने तळमळून गेला होता. घरचे वात म्हणाले. खरं कारण साडूभाऊंना थेट एम.एस्सी.च्या वर्गात कळलं.

मागच्या वर्षी त्यांच्या एकुलत्या एक मुलीने मारेगावचा एक शिक्षक पसंत केला. मुलगा लाखात एक. तपासणीचा कागद आला तेव्हा मी तिथेच होतो. दोघेही वाहक. साडूभाऊंनी कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला.

"मोडा आता," मेहुणी रडवेल्या आवाजात म्हणाली.

मुलगी बापाकडे पाहत होती. "बाबा, तुमीच त सांगता का मूळ पेशी बाहेर काढून, त्याइच्यातलं जनुक सुधरवून परत देता येते."

"येते. पण आपल्या इथं पोचाले किती वर्षं लागन, मले सांगता येत नाई."

"मले समजते सगळं. तरी मी याच्याशीच लग्न करीन."

साडूभाऊंनी मुलालाही बोलावून दोघांना समोर बसवलं आणि दुपारभर आकृत्या काढल्या. प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची चारात एक शक्यता, गर्भाची तपासणी, त्यानंतरचे जीवघेणे निर्णय. काही लपवलं नाही. शेवटी पेन ठेवून म्हणाले, "माह्यं शिकवून झालं. निर्णय तुमचा. मी तुमच्या मांगं हाव."

लग्नात तो जुना वरबाप हसत म्हणाला, "काहून गुरुजी, स्वतःच्या पोरीच्या टायमाले नेम बदलला?"

"मी मोडा कधी म्हणलं?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले. "तपासा म्हणलं. समजून करा म्हणलं."

आता त्यांचं वाचन दुपटीने वाढलंय. मोतीबिंदूमुळे अक्षरं इतकी मोठी करावी लागतात की एका वेळी पडद्यावर चारच शब्द मावतात, पण ते थांबत नाहीत. परवा फोन आला. "भाऊ, पेशी बाहेर न काढता अंगातल्या अंगातच जनुक दुरुस्त कराची खटपट सुरू हाये!"

"आपल्यापर्यंत पोचेल?"

"पोचन. पोचाच लागन." मग एरवी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "तवा मी नसलो, त पोरीले तुमी समजून सांगजा."

त्यांनी पाठवलेला लेख मी उघडला. निम्माअधिक डोक्यावरून गेला. चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.