तांबे सरांनी थांबायला सांगितलं होतं

तांबे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी सुट्टीवर घरी होते, दिवेआगरच्या पलीकडे आमच्या कोळीवाड्यात. आई बोंबील वाळत घालत होती आणि मी तिच्याबरोबर उन्हात उभी होते. फोन सरांच्या पत्नीचा, सुनंदाकाकूंचा. "सर गेले गं. सकाळी चहा पिता पिता गेले," एवढंच त्या बोलल्या. हृदयविकाराचा झटका. बावन्नावं वर्ष चालू होतं. मी फोन ठेवला आणि हातातले बोंबील काठीला अडकवून संपवले. रडू आलं नाही. बाबांनी मात्र विणायला घेतलेलं जाळं बाजूला सारलं, सदरा चढवला आणि म्हणाले, "चल बाय, माणगाव गाठायचा हाय." त्याला आता सात आठवडे झाले. तेव्हापासून सरांबद्दल लिहायला बसते आणि उठते. नुसतं चांगलं लिहिता येत नाही, आणि वाईट लिहायला हात धजत नाही...

प्रदीप तांबे माझे पहिले कॅप्टन. स्वस्त तिकिटांच्या एका विमान कंपनीत मी सहवैमानिक म्हणून लागले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या शेजारी बसायची पाळी आली. घाबरून मी घडाघडा इंग्रजी बोलत सुटले होते. त्यांनी गाव विचारलं, हसले आणि म्हणाले, "मी माणगावचा. कामाचं तेवढं इंग्रजीत बोल, बाकी मराठीत बोलू. तुझा जीव जरा खाली बसंल." त्यांचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शिष्यवृत्तीवर शिकून सर वैमानिक झाले, त्यांच्या बौद्धवाडीतले पहिलेच. माझ्या प्रशिक्षणासाठी बाबांनी दोन होड्यांपैकी मोठी विकली होती, वर बँकेचं कर्ज काढलं होतं, हे मी त्यांना कधी सांगून बसले ते आठवत नाही. माझं विमान धावपट्टीवर आदळत उतरलं तरी ते कधी ओरडले नाहीत. सगळे प्रवासी उतरेपर्यंत गप्प राहत आणि मग विचारत, "घाई कुठं झाली, तूच सांग." आणि मला ती नेमकी सापडायची.

लोकांना वाटतं, वैमानिकाला पैशाला काय तोटा. पगार चांगला असतो, खोटं कशाला सांगू. पण आमच्याकडे हमी ठरावीक तासांचीच, त्यावरची कमाई जेवढं उडाल तेवढी. स्वस्त कंपनीचा सगळा जीवच विमान हवेत राहण्यात असतो. उतरलं की अर्ध्या तासात पुन्हा निघायला हवं. आमची विमानं मात्र इंजिनाचे सुटे भाग मिळेनात म्हणून एकेक करून उभी राहू लागली. विमानं भाड्याने घेतलेली, आणि उभ्या विमानाचं भाडं काही थांबत नाही. तिकिटाचे दर वाढवावेत तर प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जाणार. आधी भत्ते गेले, मग पगार लांबला, मग अर्धाच येऊ लागला. अशात मला दुसऱ्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं. माझ्यासारख्या आणखी आठ जणांनाही आलं.

सरांनी आम्हा नऊही जणांना पनवेलला एका मित्राच्या घरी बोलावलं. ते बसले नाहीत, सगळा वेळ उभे होते. म्हणाले, "तुम्ही एकदम निघालात तर उद्यापासून विमानं उडणार नाहीत. मग सामान चढवणाऱ्यांचं, काउंटरवरच्या पोरींचं काय? नवा भांडवलदार येतोय, बोलणी शेवटाला आलीत. तीन महिने थांबा. मलाही बाहेरून बोलावणं आहे, मी जात नाही." सर थांबतायत म्हटल्यावर कुणी पुढे विचारलंच नाही. मी नकार कळवून टाकला. सहाव्या आठवड्यात कंपनी बंद पडली.

पुढचे चौदा महिने मी घरी होते. एवढे वैमानिक एकदम रस्त्यावर आलेले, आम्हा नव्यांना कोण घेणार? त्या काळात एकदा सर आमच्या घरी आले. बाबांसमोर बसून म्हणाले, "माझ्या शब्दावर ती थांबली. चूक माझी आहे." बाबांनी विचारलं, "तुमी बी थांबलाव ना?" सर म्हणाले, "व्हय." "मंग झाला तर. च्या घ्या." बाबांचं तेवढ्यावर भागलं. मी आतून बाहेर आलेच नाही.

सर दर शनिवारी माणगावच्या घरी आम्हा नऊ जणांची दुसऱ्या कंपन्यांच्या परीक्षेसाठी तयारी करून घेऊ लागले. दोन महिने मी रागाने गेले नाही, मग गेले. एकेक जण नोकरीला लागत गेला, शेवटी मी लागले. सर स्वतः मात्र वैद्यकीय तपासणीत अडकले. हृदयाचं दुखणं निघालं आणि त्यांचं उडणं कायमचं सुटलं. हे आम्हाला काकूंकडून कळलं.

नव्या नोकरीच्या पहिल्या सुट्टीत मी काकूंसाठी सुकट घेऊन गेले. काकू आत चहा करत होत्या. मी विचारूनच टाकलं, "सर, पनवेलला बोललात तेव्हा तो भांडवलदार पैसे घालणार नाही हे माहीत होतं तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माहीत नव्हतं. शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही गेला असता." चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, "आणि मला वाटलं, शंका खोटी ठरेल... तसं वाटून घेतलं मी."

चहा यायच्या आत मी उठले. तीच शेवटची भेट. ते दारापर्यंत आले होते, मी मागे वळले नाही. त्यांनी स्वतःचंही नुकसान करून घेतलं, शेकडो लोकांच्या पोटाचा विचार केला, हे मला कळतं. माझ्या घरची विकलेली होडीही त्यांना माहीत होती, हेही कळतं. दोन्ही एकाच माणसात बसवायला गेले की कुठलंतरी एक बाहेर येतं.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी काकूंनी मला शिकवणीच्या खोलीत नेलं. कॉकपिटचे फोटो जोडून सरांनी भिंतीवर सगळी बटणं जागच्या जागी चिकटवली आहेत, समोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. काकू म्हणाल्या, "सर शेवटपर्यंत शिकवत होते. नवी पोरं अजून फोन करतात. काय सांगू?" गेल्या शनिवारी मी गेले. मुरूडकडची एक मुलगी आली होती. परवाना हातात आणि नव्याच निघालेल्या एका स्वस्त कंपनीचं पत्र. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, ही कंपनी टिकेल का?"

तिला बरं वाटेल अशी उत्तरं तोंडाशी आली होती. मी म्हटलं, "मला शंका आहे." मग विमानं किती, भाड्याची किती, दर काय, जे ऐकून होते ते सगळं सांगितलं.

"मग जाऊ नको?"

"ते तू ठरव. मी तुला थांब म्हणणार नाही, जा पण म्हणणार नाही."

तिचा चेहरा उतरला. तिला धीर हवा होता, तो सरांनी नक्की दिला असता... ती उजव्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसली. मी डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसले, पुन्हा उठले, खिडकी उघडली, आणि परत येऊन बसले.