रुचिताच्या गाडीतली काजळी

रुचिताच्या तोंडी लागू नये, असं आसगावात लहानथोर सगळेच म्हणतात. पण ती पहिल्यापासून अशी नव्हती. तिचा नवरा प्रफुल्ल आसपासच्या गावांचं दूध पिकअपमध्ये भरून पवनीच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचा. त्याच्या कमरेतली गादी सरकली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. घरात दुसरं कोणी चालवणारं नव्हतं. रुचिता गाडी शिकली, परवाना काढला आणि स्टेअरिंगवर बसली. तेव्हापासून लोकांचं बोलणं सुरू झालं, ते काही थांबलं नाही. गाडी मागे घेताना बघे जमायचे. "प्रफुल्लले बांगड्या देल्ल्या का?" असं कोणी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायचं. काही घरांची नाराजी वेगळीच होती. बौद्धाघरच्या सुनेनं आपल्या दुधाच्या कॅनला हात लावायचा, हे त्यांना रुचत नव्हतं. प्रफुल्ल हीच गाडी चालवायचा तेव्हा तो कॅबिनमधून उतरत नसे, शेतकरीच कॅन चढवायचे. रुचिता उतरून स्वतः कॅन चढवायची. तोंडावर कोणी बोललं नाही. त्यांतल्याच एका घरच्या सुलोचनाबाई तेवढ्या तिच्यादेखत कॅनचा दांडा धुवायच्या.

रुचिता हळूहळू उलट बोलायला शिकली आणि मग तिला त्याची सवयच झाली.

मे महिन्यात एका सकाळी, सगळं दूध भरून झाल्यावर, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. दिव्यात एका डब्याचं चित्र होतं आणि डब्यात ठिपके. तिने लक्ष दिलं नाही. कालव्याच्या पुलाचा चढ आला आणि गाडीतला जीवच गेला. पायाखाली पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी सायकलच्या वेगाने सरकत होती. चढावर बॉनेटखालून बारीक फुसफुस ऐकू येत होती. पवनीला पोचेपर्यंत ऊन चढलं, दूध नासलं आणि केंद्राने परत पाठवलं.

परतीच्या वाटेवर तिला दारोदार थांबून ते सांगावं लागलं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "तुह्या हाती दूध देल्लं, थे आमचंच चुकलं."

"गाडी बिघडली, काकू. हात नाई बिघडला," रुचिता म्हणाली आणि पुढे गेली. पण घरी आल्यावर ती जेवली नाही.

नव्या गाड्यांना स्कॅनर जोडून बघणारं गॅरेज त्या भागात एकच होतं, पवनीच्या वेशीवरचं, चंद्रकुमारचं. चंद्रकुमार पन्नाशीचा, हाताचा कुशल आणि जिभेचा तिखट. त्याने वायर जोडली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "धुराच्या नळकांड्यात फिल्टर रायते. त्यात काजळी भरली. गाडीनं जरा पयावं लागते, मंग आतली काजळी आपोआप जळते. तू चालवते बैलबंडीवानी. कशी जळंन?"

"चढावर फुसफुस आवाज येते, थे पाहा ना."

"बायकांले सगळेच आवाज येतात."

गॅरेजात दोघं-तिघं बसले होते. ते हसले. चंद्रकुमारने गाडी वाळक्या गवतावरून काढून उघड्या मुरमावर उभी केली, कारण आता नळकांडं भट्टीसारखं तापणार होतं. स्कॅनरवरून हुकूम दिला. इंजिन आपोआप मोठ्याने घुमू लागलं, जळका वास सुटला आणि बऱ्याच वेळाने दिवा विझला.

आठवडा जेमतेम गेला आणि दिवा पुन्हा लागला. पुन्हा चंद्रकुमार, पुन्हा तीच भट्टी, पुन्हा तेच बोलणं. या वेळी त्याने वर सल्लाही दिला, "मोठ्या रस्त्यावर नेऊन एका वेगानं पयव. नाई जमत असंन तर नवऱ्याले पाठव."

"नवऱ्याची कमर तुमी दुरुस्त करून देता का? आन् मले अरे-तुरे करू नका. मी तुमच्या घरची नाई."

पण तिने त्याचं ऐकलं. दूध घालून झाल्यावर ती भंडाऱ्याला गेली आणि तिथून नागपूरच्या महामार्गावर मौद्यापर्यंत गाडी पळवत नेली, तशीच परत आणली. दोन दिवसांनी पिवळा दिवा पुन्हा तिच्याकडे बघत होता.

रात्रभर तिने विचार केला. हळू चालवल्याने काजळी साचत असेल, तर एवढं पळवल्यावर ती जायला हवी होती. गेली नाही, म्हणजे कारण दुसरं काही असणार. तिथवर तिचं बरोबर होतं. पण पुढे रागाने तिची मती फिरवली. फिल्टर महाग असतो, आत मौल्यवान धातू असतो, लोक तो काढून विकतात, असं तिने ऐकलं होतं. सकाळी ती गॅरेजसमोर भर रस्त्यात गाडी आडवी लावून उतरली.

"माह्या गाडीचा फिल्टर काढून जुना बसवला तुमी! चोर आहात तुमी, चोर!"

रस्त्यावरचे लोक थांबले. चंद्रकुमारचा चेहरा काळवंडला. त्याने गाडी आत घेतली, जॅकवर चढवली आणि तिला खाली वाकायला लावलं. फिल्टरचे बोल्ट गंजून डब्याशी एकजीव झाले होते. त्यांना कंपनीतून निघाल्यापासून पाना लागलेला नव्हता. फिल्टरवरचा क्रमांक त्याने गाडीच्या पुस्तिकेतल्या क्रमांकाशी जुळवून दाखवला.

"आता बोल. कोन चोर?"

रुचिताची मान खाली गेली, पण माफीचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. "चोर नाई तर मंग दिवा काहून लागते थे सांगा," ती म्हणाली.

"गाडी घे आन् निंघ. पुन्हा माह्या दारात दिसू नोको."

"बिघाड सापडल्याबिगर मी हालत नाई." ती दारातच, तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसली.

ती हलत नाही म्हटल्यावर चंद्रकुमारने स्कॅनर उचलला. "चाल. त्या चढावर चाल. पाहू दे तुही फुसफुस." तो शेजारच्या सीटवर स्कॅनर मांडीवर घेऊन बसला. कालव्यापर्यंत दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. चढ आल्यावर तो म्हणाला, "दाब." तिने पेडल तळाला टेकवलं. बॉनेटखालून फुसफुस सुरू झाली. पडद्यावर इंजिन हवेचा जेवढा दाब मागत होतं, त्यापेक्षा मिळणारा दाब बराच कमी दिसत होता. चंद्रकुमारने गाडी परत वळवायला लावली.

गॅरेजात येऊन त्याने साबणाचं पाणी केलं, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या जाड रबरी पाइपवर ओतलं आणि इंजिनची गती वाढवायला सांगितली. पाइपाच्या खालच्या वळणात फेस फुगला. तिथे बोटाच्या नखाएवढी चीर होती, दाब वाढला की तोंड उघडणारी. हवा तिथून बाहेर जायची, डिझेल अर्धवट जळायचं आणि धूर व्हायचा. धूर मागून दिसत नव्हता, कारण फिल्टर तो सगळा गिळत होता. म्हणून फिल्टर कितीही वेळा जाळून साफ केला, तरी पुन्हा भरत होता.

चिरेच्या बाजूला एक लोखंडी क्लिप होती. तिची धार पाइपाला घासत होती.

"उंदरानं कुरतडलं," चंद्रकुमार म्हणाला.

"मंग क्लिपही उंदरानंच कसली? फागुनात रेडिएटर तुमीच खोलला होता."

त्याने नवा पाइप बसवला आणि क्लिप फिरवून लावली. मग स्कॅनर तिच्यासमोर धरला. इंजिन किती वेळ उभ्या गाडीत चालू राहतं, ते त्यात दिसत होतं. वेळ थोडाथोडका नव्हता.

"हर दारात गाडी चालू ठिवते. फिल्टर थंडच रायते. एवढी काजळी तुहीच आहे. थे मी उगाच नोतो म्हनत."

हे खरं होतं. मागे एकदा सेल्फ मारताना गाडी लवकर सुरू झाली नव्हती आणि सारं गाव हसलं होतं. तेव्हापासून ती लोकांसमोर इंजिन बंदच करत नसे. हे तिने त्याला सांगितलं नाही. चावी घेतली आणि निघाली.

घरी प्रफुल्ल म्हणाला, "चोर म्हनलं ना तू त्याले? जाऊन दोन शब्द बोलून ये."

"त्यानं दोनदा सगळ्याइले माह्यावर हसवलं. थ्या शब्दाइचं काय?"

ती गेली नाही. तोही आला नाही. चंद्रकुमार चहाच्या टपरीवर सांगतो, बाईला गाडी बंद करायची अक्कल नव्हती. रुचिता दूध केंद्रावर सांगते, मेकॅनिकनेच पाइप फाडला. दुसरं गॅरेज जवळ नाही, म्हणून सर्व्हिसिंगला ती त्याच्याकडेच जाते. तो काम करतो आणि ती शेजारी उभी राहून त्याच्या प्रत्येक पान्याकडे बघते. गाडीखेरीज दुसरा शब्द दोघांत होत नाही.

आता ती प्रत्येक दारात इंजिन बंद करते. दिवा पुन्हा लागलेला नाही. दूध नासल्यावर तिची गाडी सोडून गेलेली बरीच घरं परत आली. सुलोचनाबाई आल्या नाहीत. त्यांचं दूध आता दुसऱ्या गाडीत जातं. एकदा त्या अंगणात होत्या तेव्हा रुचिताने गाडी थांबवून विचारलं, "गाडी दुरुस्त झाली, काकू. आता कायचं भेव?"

"दूध नासते," सुलोचनाबाई म्हणाल्या.

कॅनचा दांडा धुण्यामागचं तेच खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं. रुचिताने तिथे मात्र इंजिन बंद केलं नाही. गियर टाकला आणि पुढच्या दारी निघाली.