नत्थुजीच्या हातचा पगार

लिही वं आचल, हेबी तुह्या वहीत. आमच्या कापसाच्या जिनिंगात पगार वाटाचं काम नत्थुजीकडं होतं. बाईचा पगार तो बाईच्याच हातात देये. फाटकापाशी उभे नवरे म्हनत, "आमच्याजवळ दे ना!"

तो म्हने, "कापूस तू निवडला काय रे?"

मंग मालकानं ते काम आपल्या जावयाले देलं. त्यानं रोख बंद करून पगार ब्यांकेत टाकाचं ठरवलं. बायाईचे खाते नव्हते, तं नवऱ्याईच्याच खात्यात पगार टाकला.

नत्थुजी म्हने, "साहेब, थांबा. मी बायाईचे खाते काढून आनतो."

जावई म्हने, "काकाजी, तुमी आता फाटक सांभाळा."

सांजेले कापूस निवडनारी जमुना फाटकाशी आली. "भाऊ, माहा पगार?"

"तुह्या नवऱ्याच्या खात्यात गेला वं."

"तो तं सकाळपासून घरी नाई."

नत्थुजीनं तिले आपल्या डब्यातली भाकर देली. दुसऱ्या दिवसापासून तो फाटकावरई आला नाई.