नखं साफ करणारा झिंगा

आमच्याकडे, जळगाव जामोदच्या खालच्या पट्ट्यात, विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजता शिजत नाही. अशा गावात आमचे हे गोड्या पाण्याचे कॅन विकत आणायचे आणि त्यात पिशवीतलं मीठ कालवून तेच पाणी पुन्हा खारं करायचे. सासूबाई ओट्यावरून बघत राहायच्या. "आपली इहीर आटली काय वो?" त्या मला विचारायच्या. मी काय सांगणार, कपाळ! समुद्राचं मीठ वेगळं असतं म्हणे, एवढंच मला कळलं होतं.

हे खूळ दिराचं. तो पुण्यात नोकरीला होता, बदली परदेशात झाली, आणि जाताना त्यानं आपली समुद्री माशांची काचेची टाकी, दिवे, पंप, समुद्रातले दगड असं सगळं टेम्पोत घालून आमच्या दारात आणून ठेवलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत.

वेळ तरी कोणती निवडावी! बीटी कपाशी आली तेव्हा सगळे म्हणाले, आता फवारणी सुटली. काही वर्षं सुटलीही. मग बोंडाच्या पोटात गुलाबी अळी बसायला लागली, बोंड फुटलं तरी आत कवडी निघायची, किडका पिवळट कापूस, आणि फवारणीचा पंप पुन्हा पाठीवर चढला. हे दिवसभर औषध मारायचे, ना हातमोजे, ना तोंडाला काही. मधेच बांधावर बसून त्याच हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे. घरी येऊन हातावर नुसतं पाणी घेतलं की झालं. जेवताना ताटावर तो औषधाचा वास यायचा. डोळे लाल, डोकं धरलेलं, एकदा तर अंगणातच उलटी झाली. त्याच हंगामात शेजारच्या गावातला एकजण फवारता फवारता पडला आणि दवाखान्यात त्याला कितीतरी दिवस धड दिसेना. तेव्हापासून हे फवारणीला गेले की मी वाटेकडे डोळे लावून बसायची. मी कानीकपाळी ओरडायची. पालथ्या घड्यावर पाणी.

"इतक्या वर्षापासून मारून राह्यलो," हे म्हणायचे, "मले काई झालं काय?"

टाकीपुढे मात्र हाच माणूस शहाणा. महिनाभर आत नुसतं पाणी आणि दगड. शेजारीण विचारून थकली, मासे कुठे आहेत म्हणून. दगडांत बारीक जीव धरल्याशिवाय काही सोडायचं नाही, असं दिरानं फोनवर बजावलं होतं, आणि यांनी ते ऐकलं. मग एक नारंगी मासा आला, मग शर्टाच्या गुंडीएवढी हिरवी पोवळी, दगडाला चिकटलेली. दिवा लागला की ती उमलायची. सासूबाईंना पोवळं म्हणजे मंगळाच्या अंगठीतलं ठाऊक. "हे तोंड काऊन उघडते मग?" त्यांनी विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माळ घेऊन तिथेच बसायला लागल्या. लाईट गेली की इन्व्हर्टरवर टाकीचा पंप चालू आणि आमच्या डोक्यावरचा पंखा बंद. मी चिडायची, पण खरं सांगते, कपाशीच्या त्या दिवसांत यांचा चेहरा फक्त टाकीपुढेच सैल व्हायचा.

शेवटी आला झिंगा. लाल अंग, पाठीवर पांढरा पट्टा, मिशा ह्या एवढ्या लांब. यांनी पाण्यात हात घातला की तो चालत यायचा, बोटावर चढायचा आणि नखांच्या कडा टोकरून साफ करायचा. न्हाव्याकडे बसावं तसे हे हात सोडून बसायचे.

फवारणीच्या दिवशी टाकीत हात घालायला एरवी वेळच नसायचा; पण एका संध्याकाळी आले आणि हातावर पाणी ओतून थेट टाकीशी गेले, कारण एक पोवळं कलंडलं होतं. झिंगा नेहमीसारखा आला, नखं टोकरली. सकाळी तो वाळूत आडवा पडला होता. पोवळी मिटून गेली होती आणि मासा कोपऱ्यात धापा टाकत होता.

दिराला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, फवारणी चालू आहे का? अरे, अळीला मारतं ते झिंग्याला मारणारच." हे आपली बोटं बघत बसले. मी मात्र बोलले. "तो एक डाव चढला तुमच्या औषधाच्या हातावर," म्हटलं, "तुम्ही तर रोज त्याच हातानं जेवून राह्यले!"

त्या दिवसापासून माणूस बदलला. पाणी बदलून बदलून पोवळी आणि मासा वाचवले. तालुक्याहून हातमोजे, तोंडाचा मास्क, चष्मा आणला. परसात वेगळी बादली, वेगळे कपडे, दोनदा साबण, मगच घरात पाय. औषधाच्या दिवशी खर्रा बंद. माझं इतकी वर्षं ऐकलं नाही आणि झिंग्याचं एका दिवसात ऐकलं, याचं वाईट वाटलं मला. पण म्हटलं, कोणासाठी का असेना, माणूस शाबूत राहतोय ना.

नवा झिंगा पुढच्या हंगामाआधी आणला. फवारणी संपेपर्यंत यांनी टाकीत हात घातला नाही, चिमट्यानं काम चालवलं. कपाशी वेचायला आली तेव्हा एका संध्याकाळी हात कोपरापर्यंत घासले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाण्यात घातले. झिंगा आला. नखं टोकरून गेला.

सकाळी चहाआधी मी टाकीशी गेले, तर वाळूत झिंगा आडवा. मिशांसकट, तसाच. झिंग्याचं सोडा, पण याचा अर्थ इतकं करूनही विष त्या हातांतून गेलंच नव्हतं. मी खालीच बसले आणि रडायला लागले.

हे धावत आले, वाकून बघितलं आणि हसले. "अवो, कात आहे ते. महिन्या-दीड महिन्याले टाकते तो. मी सकाळीच काढून टाकतो, म्हणून तुले दिसत नाई." दगडामागून लांब मिशा हलल्या. झिंगा बाहेर आला, नवा कोरा, आणि पोवळ्यांवरून चालायला लागला.

मी यांचा हात ओढून नाकाशी नेला. नुसत्या साबणाचा वास होता. "काय करून राह्यली?" हे म्हणाले, आणि मी तो हात बराच वेळ सोडला नाही.