तेलाची कुप्पी आणि गांधीलमाश्या

“सायकलच्या पट्ट्याला तेल लागत नाही, ग्रीस लागत नाही. मग माझ्या पँटवर हे काय, काजळ?” रेन्स्केने पोटरीजवळचा काळा डाग नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

“धूळ असते गं शहरात,” वीबे पावावर चॉकलेटचे दाणे पसरत म्हणाला. “आणि ती सायकल केकाटते ती? स्वस्तातली घेतलीस, भोग आता. परत दे आणि साखळीवाली आण.”

“तू हात लावलास तिला?”

“मी कशाला लावू?”

“बाबा, कान लाल झालेत तुमचे,” हिल्के म्हणाली. पोरगी कॉलेजात होती आणि आईबापांच्या भांडणात तिला फुकटची करमणूक मिळे.

रेन्स्के नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, घट्ट मोजे चढवून देते. सगळी फिरती सायकलवर. आयुष्यभर साखळीच्या काळ्या वंगणापायी ती गडद पँटी घालत आली. वसंतात तिने ही विजेची सायकल घेतली. गियर नाहीत, नखरे नाहीत, साखळीच्या जागी रबरासारखा दातेरी पट्टा. बॅटरी रात्री स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी झोपते. सायकल आली त्याच आठवड्यात तिने साईच्या रंगाची पँट आणली. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, “लग्नाला निघालीस की काय?” ते तिला फार आवडलं होतं.

वीबेला मात्र कोरडी सायकल बघवत नव्हती. दर शनिवारी घरातल्या सगळ्या सायकली उलट्या ठेवून साखळ्यांना तेल पाजायचं, हा त्याचा कुळधर्म. शेजारणीचीही सुटत नसे. त्यात बायकोचीच सायकल म्हणते, मला तुझी गरज नाही!

रेन्स्केचा संशय पक्का होता, पण पुरावा नव्हता. आणि दुकानदार सायकल परत घ्यायला तयार झाला, तर वीबे ती नेऊन देण्याइतका चिकट होता. शुक्रवारी रात्रीच्या पॅनकेकनंतर वीबे बँडच्या तालमीला गेला, तेव्हा ती शेडमध्ये शिरली. त्याच्या लांब चोचीच्या कुप्पीतलं तेल तिने बरणीत ओतलं, कुप्पी साबणाने धुतली आणि तिच्यात पॅनकेकवरची काकवी कोमट करून भरली. काकवी पाण्याने निघते, एवढा विचार तिने आधीच केला होता.

शनिवारी ती बाजारातून गरम तळलेले मासे घेऊन आली, तर वीबे अंगणात हातवारे करत नाचत होता.

“गांधीलमाश्या! कुठून आल्यात कोण जाणे!”

ऑगस्टचा महिना. माश्या त्याच्या बाहीवर होत्या, त्याच्या सायकलच्या बंद साखळीपेटीभोवती होत्या आणि रेन्स्केच्या पट्ट्यावर तर रांगेने बसल्या होत्या.

“माझ्या सायकलवर का रे बसल्यात?” तिने गोड आवाजात विचारलं.

“मला काय विचारतेस? त्यांना विचार.”

हिल्केने पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि चाटलं. “आई, पॅनकेक आहेत का उरलेले?”

वीबेने स्वतःची बाही हुंगली. मग कुप्पी हुंगली. मग बायकोकडे बघितलं.

“माझ्या कुप्पीत काकवी?”

“माझ्या पट्ट्यावर तेल?”

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, “वीबे, माझ्या साखळीला काय लावलंस रे मेल्या?”

तो पायरीवर बसला. “सुकी फिरताना बघवत नाही गं मला,” तो पुटपुटला. “एक-दोन थेंबच घालायचो.”

“त्या थेंबांवर गावची वाळू चिकटली, म्हणून केकाटत होती ती.”

एक माशी त्याच्या टकलावर बसली तरी त्याने हाकलली नाही. रेन्स्केला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. तिने बादलीभर पाणी आणून पट्ट्यावर ओतलं, मऊ ब्रशने दाते घासले आणि दुकानातल्या माणसाने दाखवलं होतं तसं, ताण बघायला, बोटाने पट्टा छेडला. टुंग.

वीबेची मान वर झाली. तो बँडमध्ये तुबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवतो. “सूर खाली उतरलाय,” तो म्हणाला. “पट्टा ढिला आहे.”

तिने पुन्हा छेडला. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि पाना शोधायला खिसे चाचपले.

रेन्स्केने हात पुसले.

“सायकल परत जाणार नाही,” ती म्हणाली. “शनिवारी पट्टा वीबे धुणार, पाण्याने, आणि छेडून ताण बघणार. कुप्पी हिल्केच्या कपाटात राहील, कुलपात. शेजारणीची साखळी आज वीबे साफ करणार आणि माझी पँटही तोच धुणार. मासे गार होतायत, आत चला.”