शेजारी ठेवलेली बॅग

बाबा गेल्या माघात वारले. परवा त्यांचं कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि सेलूजवळच्या आमच्या गावातली एक उन्हाळी सुट्टी आठवली. त्या सुट्टीत एका सोमवारी सकाळी माझी पुण्यात नोकरीची मुलाखत होती आणि त्यासाठी रविवारी दुपारी सेलूहून गाडी पकडायची होती. नेमकी रविवारी अमावास्या. त्या दिवशी घरातून निघायचं नाही, म्हणून बाबांनी शनिवारीच त्याच कपाटातली, डांबरगोळ्यांच्या वासाची माझी बॅग भरून शेजारच्या मावशींकडे नेऊन ठेवली. सामान आदल्या दिवशी बाहेर पडलं की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं आमच्याकडे धरतात. रविवारी बॅग आणायला गेले तर दाराला कुलूप. मावशी अमावास्या वगैरे काही न बघता पहाटेच देवगाव फाट्याला लेकीकडे गेल्या होत्या. माझी प्रमाणपत्रं, इस्त्रीचे कपडे, सगळं आत. "बाबा, आता काय करू?" मी ओरडले. ते पायरीवर बसून सुपारी कातरत होते. "तू तर कालच निघालीस, आता कशाला घाबरायलीस?" काकू दारातून हसली, "भावजी, बॅग निघाली अन् लेक हितंच राह्यली की!" तापलेलं कुलूप ओढून ओढून माझे हात काळे झाले. मावशी दिवेलागणीला आल्या, तोवर गाडी कधीच गेली होती. बाबा म्हणाले, "बरं झालं, अमावास्येचं निघणं टळलं." मुलाखत हुकली, आणि मी सुट्टी संपेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. आता गावी गेले की वाटेल त्या दिवशी परत निघते. मला कुणी थांबवत नाही.