तोंडावरचा बदाम

आमी बाया कांदा काटायला बसलो हुतो. वावराच्या मालकाचा थोरला ल्योक बांधावर आला. समदा गाव त्याला दादा म्हनतो. त्यानं मोबाईल माझ्या डोळ्यांपुढं धरला.

"ही तुझीच पोर ना?"

माझीच हुती. तोंड आ वासलेलं, हनवटीला बुंदी चिकटलेली. खाली लिवलेलं, 'जेवायला कधी बोलावताय?' त्याला स्टिकर म्हनत्यात. कुनाकडं लग्न, बारसं, काय बी निघालं, की गावच्या ग्रुपवर माझी पोर धाडायची. बाया हसल्या. दादा म्हनला, फेमस झाली की तुझी लेक. मी खाली मान घालून विळ्यानं पात कापत राहिले.

फोटो कवाचा ते वळखायला येळ लागला न्हाई. दादाच्याच बहिनीच्या लग्नातला, त्यानंच काढलेला. त्या दिवशी मी उजाडल्यापास्नं त्यांची भांडी घासत हुते, पोर माझ्यासंगं. वऱ्हाडाच्या पंगती उठल्या, पावन्यांच्या उठल्या, गावाच्या उठल्या, मग आमाला बसवलं. दिसभर उपाशी लेकरू कसं खाईल? तसंच खाल्लं तिनं. त्यात हसन्यासारखं काय हुतं, मला आजून कळलं न्हाई.

साळंत खिचडीच्या सुट्टीत मोठी पोरं तिला बघून आ वासायला लागली. ती भिंतीकडं तोंड करून जेवू लागली. मग साळंत जेवायचंच सोडलं. एकदा घरी भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिली.

"आये, घास घेताना तोंड किती उघडायचं?"

दुसरीतलं लेकरू. काय सांगू तिला?

दादाला म्हनलं, काढून टाका. तर म्हनं, मी काढला तरी काय, गावभर गेलाय, आन गंमतीत एवढं काय मनाला लावून घ्यायचं. व्हय, गंमत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हातावरचं पोट, तोंड उघडायची सोय न्हाई.

मग एक दिवस त्यांचं अंगन झाडत हुते. दादाची बायको, वहिनी, ओट्यावर बसून मोबाईल बघत हुत्या. त्यांच्या लेकीचा फोटो हुता, दादानं ग्रुपवर टाकलेला. झगा दिसतो, बांगड्या दिसत्यात, तोंड दिसत न्हाई. तोंडावर लाल बदाम चिकटवलेला, पत्त्यातल्यावानी. असं का, म्हनून इचारलं.

"लेकराचं तोंड कुनाच्या बी हातात कशाला द्यायचं? आजकाल काय भरवसा हाय का?"

माझा झाडू थांबला. म्हंजे ठाऊक हुतं ह्यांना. मी इतके दिस समजत हुते, मोठ्या घरची मानसं, ध्यानात आलं नसंल. समदं ध्यानात हुतं. बदाम हुता त्यांच्याकडं. माझ्या पोरीला लावावा वाटला न्हाई, एवढंच. लई राग आला. त्याच्यापेक्षा जास्त थकवा आला.

पुढं त्या लेकीचा वाढदिवस आला. मी भांड्यांना, पोर माझ्याजवळ. तिला केकची ताटली दिली. दादा मोबाईल उगारून म्होरं आला. म्हनला, उघड बघू तोंड मोठ्ठं, नवा स्टिकर करू. पावने हसले. पोरीनं ताटली खाली ठिवली न् माझ्या लुगड्यात तोंड खुपसलं.

मी उठले. राखंनं भरलेला हात मोबाईलवर ठिवला.

"फोटो काढायचा न्हाई."

"अगं, येडी का तू? गंमत हाय."

"तुमच्या लेकीच्या तोंडावर बदाम लावता. माझ्या लेकीच्या तोंडावर माझा हात हाय. त्यो हालायचा न्हाई."

दादा मोबाईल सदऱ्याला पुसत बसला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आता येऊ नको. माझा घरधनी म्हनला, पान्यात राहून माशाशी वैर कशाला घेतलंस? मी दुसऱ्याच्या वावरात खुरपायला जाती. लांब पडतं. पाय दुखत्यात.

पोर आजून भिंतीकडं तोंड करून जेवती. स्टिकर आजून फिरतोय. परवा किराना दुकानदाराच्या मोबाईलवर दिसला. मी मीठ-मिरची तशीच ठिवली न् म्हनलं, माझ्यासमोर काढ. तो कुरकुरला. काढला. घरी जाऊन परत घेतला असंल तर म्हाईत न्हाई.

उद्या दुसऱ्याच्या मोबाईलवर दिसंल. त्याच्या दारात जाईन. मंग तिसऱ्याच्या. मास्तर असू दे, सरपंच असू दे, माझा सख्खा भाऊ असू दे. थकलीय मी. पन दारात उभी राहीन, आन काढल्याबिगर हालनार न्हाई.